हरणांनी न खाल्लेलं झाड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सरांचं ते ज्वारीचं झाड हरणांनी खाल्लं नव्हतं. ते मी उपटलं होतं.

आमच्या कृषी विद्यापीठाच्या सेवानिवृत्त प्राध्यापकांची स्मरणिका निघते आहे. सरांच्या हाताखाली सगळ्यात जास्त वर्षं मी काढली, म्हणून संपादकांनी त्यांच्यावर पानभर लिहायला मला सांगितलं. कर्तृत्वावर भर द्या, म्हणाले. त्यासाठी त्यांनी सरांकडे एक छापील कागदही पाठवला होता. पुरस्कार, शोधनिबंध, परदेश दौरे असे त्यात रकाने होते. सरांनी सगळे रकाने कोरे ठेवले आणि खाली पेन्सिलीने लिहून पाठवलं, 'काम चालू आहे.' संपादकांना वाटलं, सर रागावले. सर रागावले नव्हते. ऐंशी ओलांडलेल्या त्या माणसाचं काम खरंच चालू आहे.

सर ज्वारीचे पैदासकार. म्हणजे दोन वाणांचा संकर करायचा, येणाऱ्या पिढ्यांतून हवं ते झाड निवडत जायचं आणि शेवटी नवं वाण शेतकऱ्याच्या हातात द्यायचं. एक वाण उभं करण्यात माणसाच्या नोकरीचा निम्मा काळ जातो. त्यामुळे पैदासकार दोनच प्रकारचे होतात, एक चिडके आणि दुसरे तऱ्हेवाईक. सर कधी चिडले नाहीत.

त्यांच्याकडे एक काळी छत्री होती. ती पावसात उघडलेली मी कधी पाहिली नाही. तिच्यावर त्यांनी पांढऱ्या रंगाचे पट्टे मारून घेतले होते आणि झाडाची उंची ते तिने मोजत. 'दोन छत्र्या आणि एक पट्टा,' असं सांगत शेतातून फिरायचे आणि मागून चालणाऱ्यांनी ते सेंटिमीटरमध्ये लिहायचं. नवा सहाय्यक आला की आधी त्याला छत्रीचा हिशेब शिकवावा लागे. शेतात पाऊल टाकल्याबरोबर कुणी वही उघडली तर ते म्हणत, "आकडा नंतर, महाराज. आधी चक्कर." सगळ्यांना ते महाराज म्हणत. शिपायालाही आणि कुलगुरूंनाही.

त्यांच्या घरी जेवायला जाणं ही एक परीक्षा असे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, प्रत्येक नव्या वाणाच्या भाकरी थापायच्या आणि ओळखू याव्यात म्हणून कडेला बोटाने खळगे पाडायच्या. एक खळगा पहिलं वाण, दोन खळगे दुसरं. पाहुणा बिचारा पाहुणचार समजून जेवत असायचा आणि सर त्याच्या जबड्याकडे बघत बसायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा घास तोंडातच फिरायला लागला. काकू म्हणाल्या, "खा रे निवांत. परीक्षा आहे, पण नापास झाली तर ज्वारी होईल, तू नाही."

माणसाचं झालं की जनावराचं. भाकरी गोड असून भागत नाही, कडबाही गोड हवा, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी ते घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात जायचे. वेगवेगळ्या वाणांच्या कडब्याच्या पेंढ्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा, आणि त्या सगळ्या माझ्या खांद्यावर. दिसेल त्या बैलापुढे पेंढ्या मांडायच्या आणि तो आधी कुठं तोंड घालतो ते बघायचं. व्यापारी त्यांना ओळखून होते.

"काय प्रोफेसर, बैल घ्यायचा का इकायचा?"

"बैलाचं मत घ्यायचंय, महाराज."

"मंग म्हशीला बी इचारा. न्हाई इचारलं तर ती रुसंल."

सरांनी म्हशीलाही विचारलं. तिने लाल दोऱ्याची पेंढी दोऱ्यासकट खाल्ली. सरांनी मला लिहायला सांगितलं, 'लाल, प्रथम वर्ग.' मला हसू आवरेना. ते अजिबात हसत नव्हते.

आता त्या झाडाकडे यायला हवं.

बियाण्याच्या शेतात भेसळ चालत नाही. एका वाणाचं बियाणं करायचं तर त्या शेतात दुसऱ्या चणीचं एकही झाड राहता कामा नये, नाहीतर पराग उडून सगळं बी बिघडतं. म्हणून वेगळं दिसेल ते झाड मुळासकट उपटायचं. या बाबतीत सर निर्दय होते. रस्त्याने जाताना परक्याच्या बियाण्याच्या शेतात शिरून त्यांनी झाडं उपटलेली मी पाहिली आहेत. मालक ओरडत यायचा आणि जाताना त्यांना चहा पाजून जायचा. मला त्यांनी पहिल्याच हंगामात बजावलं होतं, "वेगळं दिसलं की उपटा. विचार करायला लागलात तर संपलं."

मी तेव्हा पंचविशीतला. संगमनेरचा, वडील दूधसंघात कारकून, शेतीचा संबंध फक्त पुस्तकातला. नोकरी कच्ची होती आणि सरांच्या एका शेऱ्यावर पक्की व्हायची होती. बियाण्याच्या शेताची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती, म्हणून मी शेवटची चक्कर मारत होतो. शेताच्या टोकाला, जिथं माती विताएवढी आणि खाली मुरूम, तिथं ओळीत एक झाड वेगळं दिसलं. बुटकं, कणीस घट्ट. आजूबाजूच्या झाडांची खालची पानं वाळून गेली होती. याची हिरवीगार होती. दाणा अजून चिकात होता, बी व्हायला वेळ होता.

मी विचार केला नाही. शिकवलं होतं तसंच केलं. भेसळीचं झाड एका हाताने हिसका मारला की येतं. हे आलं नाही. मी दोन्ही हातांनी धरलं, तरी हलेना. मग खाली वाकून बुडाशी दोन्ही मुठी धरल्या, एकदा डावीकडे पीळ दिला आणि सरळ वर ओढलं. तेव्हा ते मुरमाचे खडे घेऊन बाहेर आलं. असं मूळ मी पाहिलं नव्हतं. आजूबाजूला पसरण्याऐवजी दाट जुडगा करून सरळ खाली गेलेलं. मी क्षणभर बघितलं आणि झाड बांधावर चरणाऱ्या बैलापुढे टाकलं. बैलाने ते संपवलं.

संध्याकाळी सर आले. बाकी शेताकडे न बघता मी होतो त्या टोकाकडे थेट चालत निघाले. त्यांच्या चालण्यावरून मला कळलं. हे झाड त्यांना माहीत होतं. ते रोज त्याला बघायला येत होते. उपटायला हवं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते उपटलं नव्हतं. चिठ्ठीही बांधली नव्हती, कारण चिठ्ठी बांधली की लोक झाड बघत नाहीत, चिठ्ठी बघतात, असं त्यांचं मत होतं. नियम करणाऱ्याने नियम मोडला होता आणि शिकणाऱ्याने पाळला होता.

ते पोचायच्या आत, पिकाच्या आडोशाने, मी उपटलेल्या जागेची माती पायाने सारखी केली. शेजारची दोन झाडं वाकवून मोडली. ती मोडताना मी काय करतो आहे हे मला पुरतं माहीत होतं. उपटणं ही चूक होती. हे मोडणं चूक नव्हतं.

सर आले आणि छत्री टेकून उभे राहिले. "महाराज, इथं एक झाड होतं."

"सर, हरणं येऊन गेली वाटतं," मी म्हणालो.

सर खाली बसले. मोडकी झाडं हाताने चाचपली. मला वाटलं, आता विचारतील, खाल्लं तर बुडखा कुठं आहे. ते म्हणाले, "एवढ्या शेतात नेमकं तेच खाल्लं. म्हणजे मी म्हणत होतो ते बरोबर होतं. हरणाला चव कळते." आणि त्यांचा चेहरा खुलला. नुकसान झालेल्या माणसाचा तो चेहराच नव्हता. परत येताना रस्ताभर ते मला त्या झाडाबद्दल सांगत होते. हलक्या जमिनीत, पाण्याविना हिरवं राहिलेलं झाड. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या मुरमाड रानात असं वाण टिकलं तर किती घरांत वर्षाची भाकरी होईल. शेजारच्या कोणत्या दोन वाणांतून ते आपोआप झालं असेल, याचा अंदाज बांधून पुन्हा तयार करायचं त्यांनी विद्यापीठाच्या फाटकापर्यंत ठरवूनही टाकलं.

माझ्या त्या थापेमुळे विद्यापीठाला कुंपण मिळालं. सरांनी हरणांवर इतके अर्ज केले की शेवटी मंजूर झालं. अजून आहे ते. त्याच्या कडेने चालताना मी दुसरीकडे बघतो.

थाप मारली हे मोठं नाही. पुढे जे केलं ते मोठं आहे. सर रात्रंदिवस एकच विचार करत, ते झाड हिरवं कशामुळे राहिलं? अरुंद पानामुळे? लवकर पक्व होण्यामुळे? ते मला विचारत, "तुम्ही रोज त्या शेतात होतात. काही आठवतं?" मला आठवत होतं. त्याचं मूळ मी हातात धरलं होतं. पण मूळ बघितलं म्हणायचं तर उपटलं म्हणावं लागणार. मी नाही म्हणून मान हलवायचो. सरांनी पानांवर निवड केली, पक्वतेवर निवड केली. झाडं लवकर यायची, दिसायला देखणी असायची आणि मुरमात मान टाकायची. आमच्याकडे प्रयोगाचं पीक विळ्याने घोट्याएवढं राखून कापतात, त्यामुळे मूळ कुणाच्या नजरेला पडायचा प्रश्नच नव्हता. अशी त्यांची नोकरीतली शेवटची वर्षं गेली. माझी नोकरी त्यातल्या पहिल्याच वर्षी पक्की झाली. शेरा चांगला होता. 'प्रामाणिक' असा शब्द होता त्यात.

निरोप समारंभात सरांनी शाल-श्रीफळ बाजूला ठेवलं आणि माईकवरून सांगितलं, "हे नको. माझ्या अपुऱ्या पिढ्यांचं थोडं बी न्यायची परवानगी द्या." रीतसर परवानगी मिळाली. बियाण्याच्या कागदी पाकिटांनी भरलेली पिशवी घेऊन ते देवळाली प्रवऱ्याला आपल्या घरी गेले. मला वाटलं, सुटलो.

देवळालीला सगळीकडे ऊस. ज्वारीची परीक्षा घ्यायला कोरडी जमीन नाही. त्यांच्या घराशेजारच्या फडात ऊसतोडीची टोळी उतरली होती. त्यातली कडूबाई पिण्याचं पाणी मागायला आली. पाथर्डीकडची, अंगाने काटक, तोंडाने फटकळ. सरांनी पाण्याआधी विचारलं, "गावाकडं यंदा ज्वारी कोणती पेरली?"

"पेरली न्हाई. आमी हितं, मंग राखायची कुनी? पाखरं खात्यात."

"मी राखतो."

तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मास्तर, तुमी राखनार? तुमाला तर पाखरूच उचलून नेईल."

पण पुढच्या हंगामाला तिने आणि तिच्या नवऱ्याने तोडीला जाण्याआधी सरांचं बी मुरमाड पट्टीत पेरलं आणि किल्ली सरांकडे दिली. सर एसटीने जात, तिच्या घरात मुक्काम करत, स्वतः पिठलं करून खात. दाणा भरायला लागला की मचाणावर उभे राहून गोफण फिरवत. पहिल्या दिवशी दगड मागे गेला आणि गावच्या सरपंचाच्या मोटारसायकलीचा आरसा फुटला. सरपंच भांडायला आले आणि एवढा शिकलेला माणूस गोफण फिरवतोय बघून तिथंच बसून राहिले. नंतर त्यांनीच सरांना गोफण शिकवली. मी सुट्टीच्या दिवशी जायचो. का जात होतो ते मलाच माहीत, सरांना ती निष्ठा वाटायची.

अशी काही वर्षं गेली. एका वर्षी ऊस कमी होता, कारखाना लवकर बंद झाला आणि टोळ्या काढणीच्या आधीच घरी परतल्या. मी तेव्हा तिथं होतो. तोवर काढणी सर स्वतः विळ्याने करत, पण त्या भागात रब्बीची ज्वारी कापत नाहीत, उपटतात. कडूबाई ओळीने उपटत चालली होती आणि सर बांधावर बसून छत्रीने माती उकरत होते. मधेच ती थांबली.

"मास्तर, ही वळ काय पेरली हो? येईना वर. हात सोलले माजे."

"जोर लाव."

"जोर काय लावू? दुसरी झाडं म्होरं होऊन येत्यात. ही सासुरवाडीला आल्यावानी बसल्यात. पुढल्या साली असलं पेराल तर उपटाय तुमीच या."

सर उठले. ओळीत आले, वाकले, दोन्ही हातांनी ओढलं. निघालं नाही. ते मातीत बसले आणि खुरपं मागून मुळाभोवतीची माती मोकळी करायला लागले. दाट जुडगा, सरळ खाली. सर ते मूळ मांडीवर घेऊन हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेनात. "मी वर बघत राहिलो, महाराज," ते मला म्हणाले, "इतकी वर्षं नुसता वर."

कडूबाई नवऱ्याला म्हणाली, "मास्तरला ऊन लागलं." तिने त्यांना पाणी दिलं. मी बांधावर उभा होतो. सांगायची ती वेळ होती. मी सांगितलं नाही.

पुढचं सगळं सरांच्या विजयाचं आहे आणि ते लिहिताना मला खरोखर आनंद होतो. त्या ओळीचं बी त्यांनी वाढवलं. मग एक साल असं आलं की पाऊस लवकर उठून गेला, त्या टापूत ज्वारी करपली आणि कडूबाईची पट्टी हिरवी उभी राहिली. लोक टेम्पो करून बघायला आले. तिच्या घरात वर्षाची ज्वारी भरली, उरलेला कडबा घोडेगावला गेला. तिथला एक जुना व्यापारी म्हणाला, "ह्यो कडबा म्हशीला दावायची गरज न्हाई, मीच खाऊ का?" बी घरोघर गेलं. मग विद्यापीठाने त्याच्या रीतसर चाचण्या लावल्या. त्या चाचण्या माझ्याच देखरेखीखाली झाल्या, कारण तोवर मी विभागप्रमुख झालो होतो. प्रत्येक ठिकाणी सरांची ज्वारी वर आली. वाण मान्य झालं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाल्यावर, पगार नाही, शेत नाही, हाताखाली माणूस नाही, अशा अवस्थेत वाण देणारा दुसरा माणूस आमच्या विद्यापीठात झालेला नाही.

यंदा माघात निवृत्त प्राध्यापकांचा सत्कार ठरला. प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं. सरांनी निरोप पाठवला, सभागृहात येणार नाही, शेतात या. आणि सभा खरंच विद्यापीठाच्या शेतात भरली. मांडव घातला. कडूबाई आणि तिच्या गावचे लोकही आले होते. समोर दोन ओळी उभ्या होत्या, एक नेहमीच्या वाणाची आणि एक सरांची.

सर छत्रीवर भार देऊन उभे राहिले आणि कुलगुरूंना म्हणाले, "या महाराज. भाषण नको. एक एक झाड उपटा."

कुलगुरू दिलखुलास माणूस. कोट काढला. पहिल्या ओळीतलं झाड एका हिसक्यात आलं. दुसऱ्या ओळीतलं धरलं, ओढलं, पाय रोवले, परत ओढलं. काही नाही. कुलसचिवांनी मागून हात लावला. मांडवात हशा पिकला.

"सायेब," कडूबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "पदवी बाजूला ठिवा आन् वाका जरा."

कुलगुरू स्वतःच हसत बाजूला झाले. सरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि मला हाक मारली. मी गेलो. वाकलो, बुडाशी दोन्ही मुठी धरल्या, एकदा डावीकडे पीळ दिला आणि सरळ वर ओढलं. झाड बाहेर आलं. माझं डोकं काही ठरवायच्या आत हातांनी ते करून टाकलं होतं.

टाळ्या पडल्या. सर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "हे कुठं शिकलात, महाराज? आपण तर विळ्याने कापतो."

"जमलं, सर," मी म्हणालो.

"असंच उपटायचं असतं ते. बरोबर असंच." त्यांच्या चेहऱ्यावर फक्त कौतुक होतं. त्यांनी माझ्या हातातलं झाड घेतलं, मुळाची माती झटकली आणि ते छत्रीला टेकवून सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं. मग त्यांनी आपल्या दोन मिनिटांत आभार मानले. काकूंचे, कडूबाईचे, सरपंचांचे. आणि शेवटी हरणांचे. "त्यांनी ते पहिलं झाड खाल्लं नसतं," सर म्हणाले, "तर मी तेवढ्यावरच वाण केलं असतं आणि मूळ कशाशी खातात हे मला कधी कळलं नसतं." लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कडूबाई पदराने डोळे पुसत होती आणि शेजारणीला म्हणत होती, "आगं, माज्याच रानातली हाय ती." मीही टाळ्या वाजवल्या. माझ्या तळव्यांना माती लागलेली होती.

सर उदार आहेत म्हणून त्यांना ती गेलेली वर्षं म्हणजे शोधाचा फेरा वाटतो. मला माहीत आहे तो फेरा नव्हता. मी त्या संध्याकाळी मुळाबद्दल एक वाक्य बोललो असतो तर हे वाण सरांच्या नोकरीतच झालं असतं. त्यांच्या हातात तेव्हा शेत होतं, माणसं होती, डोळे चांगले होते. मुरमाड रानातल्या कित्येक घरांना ही ज्वारी त्या मधल्या वर्षांत मिळाली असती. काकूंच्या हयातीत मिळाली असती. या वाणाची भाकरी काकूंनी कधी थापली नाही.

ती वर्षं मी परत देऊ शकत नाही, आणि तसं म्हणण्यातही अर्थ नाही. हा मजकूर स्मरणिकेत जायचा आहे आणि सर छापलेलं प्रत्येक अक्षर पेन्सिल घेऊन वाचतात. तो छापून त्यांच्या हातात पडण्याआधी मला देवळालीला जाऊन, त्यांच्यासमोर बसून, ते झाड मी उपटलं आणि त्याचं मूळ मी पाहिलं होतं, हे माझ्या तोंडाने सांगायचं आहे. ते अजून मी सांगितलेलं नाही.